जावईबापू, फक्त चाक फिरवा

जावई या गॅरेजात आला त्याला नऊ वर्षं झाली, आणि त्यातली निम्मी त्यानं लोकांच्या गाड्यांत बसून काढली. फिरायला नव्हे. गाडी जमिनीतल्या खड्ड्यावर उभी करायची, सासऱ्यांनी पायऱ्या उतरून तिच्या पोटाखाली जायचं आणि जावयानं वर केबिनमध्ये बसून स्टिअरिंग हलवायचं, अशी इथली रीत. खालून आवाज यायचा, "डावं... उजवं... डावं." सासरे, म्हणजे मामा, एकेका सांध्यावर तळवा ठेवून सैलपणा शोधायचे. हाताला कळतं, म्हणायचे. जावई कधी खाली उतरतो म्हणाला की उत्तर ठरलेलं: "जावईबापू, तुम्ही फक्त चाक फिरवा." नऊ वर्षांत त्यांनी अहो-जाहो सोडलं नव्हतं. मान एवढा, की त्याखाली माणूस गुदमरून जावा.

त्या शनिवारी रोपवाटिकेच्या बाई आपली जुनी पिकअप घेऊन चौथ्यांदा आल्या आणि उतरायच्या आधीच सुरू झाल्या.

"साठचा वेग, त्यात एक बारीकसा खड्डा, की स्टिअरिंग असं थडथडतं की हातात धरवत नाही! काल दुभाजकावरच चढले असते. मागे दीडशे कुंड्या, पुढे मी. आधी कोण फुटलं असतं देव जाणे."

पहिल्या खेपेला मामांनी चाकं बॅलन्स केली होती. दुसऱ्या खेपेला स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं बदलली. तिसऱ्या खेपेला थरथर दाबणारा डँपर नवा घातला. दरवेळी पिकअप दोन दिवस शहाण्यासारखी चालायची आणि तिसऱ्या दिवशी मूळ पदावर यायची.

जावयाची सगळी गोची या पिकअपपाशी होती. लांबच्या शहरातल्या बस डेपोत त्याला नोकरी लागली होती, राहायला दोन खोल्यांसकट. सोमवारी हजर व्हायचं होतं. बायको तयार होती, बॅगा पलंगाखाली भरून ठेवल्या होत्या. राहिलं होतं ते मामांना सांगणं. "ही पिकअप एकदा मार्गी लागली की सांगतो," असं तो महिनाभर बायकोला म्हणत होता, आणि पिकअप काही मार्गी लागत नव्हती. हल्ली त्याला वाटायला लागलं होतं की म्हाताऱ्याला सुगावा लागलाय आणि तो मुद्दाम ही गाडी रखडवतोय. या विचाराची त्याला लाज वाटायची, पण विचार जात नव्हता.

मामा खाली उतरले. "डावं... उजवं..."

जावयानं चाक फिरवलं. प्रत्येक वळणाला सीटखालून एक बारीक टक्‌ येत होतं.

"मामा, टक्‌ वाजतंय. पुढच्या आडव्या दांड्याकडे बघा ना."

"हात लावला त्याला. घट्ट आहे. तुम्ही चाक फिरवा."

दहा मिनिटांनी ते वर आले. "स्टिअरिंगचा गिअरबॉक्स गेलाय. बदलावा लागेल."

जावयाचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच. मामांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर टम्म फोड आले होते. नुकत्याच आलेल्या गाडीचा सायलेन्सर तापलेला, त्याला हात टेकला असणार. साधा माणूस ओरडला असता. मामा त्याच हातानं कपाळ पुसत होते.

"मामा, हात भाजलाय तुमचा."

मामांनी हाताकडे पाहिलं, जसा कुणा दुसऱ्याचाच आहे, आणि तो खिशात घातला.

मग जावयाला एकेक आठवत गेलं. हातातून निसटणारे नट. सासूबाई रोज सकाळी मामांच्या शर्टाची बटणं लावून देत, त्यावरून आपण बायकोपाशी केलेली थट्टा. या माणसाच्या बोटांना काहीच कळत नव्हतं. कधीपासून, कोण जाणे.

"आज मी उतरतो खाली," तो म्हणाला. "तुम्ही वर बसा."

"जावईबापू—"

"अहो, कुणीही उतरा!" बाई कडाडल्या. "माझी रोपं उन्हात वाळतायत."

मामा केबिनमध्ये चढले.

खड्ड्यात तेलाचा कुबट वास होता. अ‍ॅक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या बोल्टवर जावयानं बोटं ठेवली. "डावं," तो म्हणाला. पहिल्याच वळणाला बोल्ट भोकात सरकला. भोक झिजून लांबट झालं होतं. एवढंच. शोधायला अर्ध्या मिनिटाचं काम, ज्यापायी चार खेपा झाल्या होत्या.

सापडलं म्हणावं, तर मामांचा हात गेला हे भर गॅरेजात जाहीर होणार. त्यानं बोटं बोल्टवरच ठेवली. वर स्टिअरिंग फिरतच होतं.

"सापडलंय ना?" मामांचा आवाज आला. "इथं वर टक्‌ चांगलं ऐकू येतंय. मी खालून कधी ऐकलंच नाही."

भोक मोठं करून त्यात जावयानं पोलादी बुशचं कडं ठोकून वेल्ड केलं, नवा बोल्ट आवळला आणि मामांना शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. साठच्या वेगात खड्डा आला. पिकअप एकदा दचकली आणि सरळ चालत राहिली. आता सांगायलाच हवं होतं.

"सोमवारी निघायचंय ना?" मामा समोर बघत म्हणाले. "पोरीनं महिन्यापूर्वीच सांगितलं मला."

"मग तुम्ही... मला वाटलं, तुम्ही मुद्दाम—"

"मुद्दामच. पण तुला अडवायला नाही." नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तू म्हणाले. "तू गेल्यावर एकट्याला जमेल का, ते बघत होतो. म्हणून तुझं ऐकलं नाही. चारदा बघितलं." त्यांनी फोडांवरून अंगठा फिरवला. "नाही जमत. पण तू जा. मी बघेन काहीतरी."

ते रडले असते, भांडले असते, तर जावई सुखानं गेला असता. त्याला त्या क्षणी म्हाताऱ्याचा भयंकर राग आला आणि तितकीच मायाही आली, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना.

परत आले तर खड्ड्याजवळ एक टेम्पो थांबला होता. त्याच्या ड्रायव्हरची तक्रार होती की चाक एका बाजूला ओढतंय. जावयाला घरी जाऊन बायकोला सगळं सांगायचं होतं. मामा मात्र कुणाला न विचारता टेम्पोच्या केबिनमध्ये चढले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि वाट बघत बसले.

जावई खड्ड्याच्या काठाशी थोडा वेळ उभा राहिला. मग पायऱ्या उतरला.

"डावं," तो खालून म्हणाला.