उजेड खाणारं औषध

नलूताईंनी बजावलं होतं, "श्रेया, आरएनएशी देणंघेणं नसलेला, कायम चमकणारा एखादा रंग घे आणि त्यातही तेच औषध टाकून बघ. तिथेही चमक गेली, तर औषध काही धरत नाहीये, नुसता उजेड खातंय." परळच्या आमच्या लॅबमध्ये त्या तीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. मी हो म्हटलं आणि केलं नाही. पाळणाघर सहाला बंद होतं.

आमचं काम तसं सोपं. विषाणूच्या आरएनएला चिकटला की चमकणारा एक रंग असतो. त्यात एकेक औषध टाकायचं. औषधाने रंगाला हटवून जागा पटकावली, की चमक मंदावते. तीनशेतल्या एकाने ती पार विझवली. ते औषध नारिंगी होतं, आणि गडद रंग स्वतःच उजेड गिळतो. माझ्या बाळाच्या, ध्रुवच्या, लंगोटाचा रंग दिवसातून चारदा वहीत लिहिणाऱ्या मला ते दिसलं नाही. माझा एक डोळा पाळणाघराच्या कॅमेऱ्यावर होता, दुसरा औषध सापडल्याच्या पेढ्यांच्या ऑर्डरवर.

आमच्या लॅबमधल्या दर्शनाने त्याच औषधावर पीएचडी सुरू केली. पेशींवर ते काही करेना. दोन वर्षं ती स्वतःलाच दोष देत राहिली, आणि मी तिला मोठेपणाने सांगत राहिले की थेंब मोजताना हात जरा स्थिर ठेव.

गेल्या गुरुवारी त्या औषधाची नवी बाटली आली. सहज खिडकीपाशी धरली, तर आत केशरी सरबत. नलूताईंची चाचणी वीस मिनिटांत झाली. कायम चमकणारा रंगही विझला. दोन वर्षांत मला ही वीस मिनिटं मिळाली नव्हती. ध्रुव झोपेत श्वास घेतोय का, हे बघायला रोज तासभर मिळत होता.

कॅन्टीनमध्ये दर्शनाला सगळं सांगितलं. सबबी आधी सांगितल्या, चूक नंतर. ती चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, "ताई, ध्रुवचं दूध तुम्ही आधी मनगटावर टाकून बघता ना?"

तेव्हापासून ती आलेली नाही. फोन बंद. तिच्या गाइडना मी लेखी कळवलंय की चूक माझी, पण ते तिला कोण सांगणार? गिरगावात ती एकटीच राहते. डबा घेऊन मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा जिन्याखालून परतले. एकदा तर तो डबा टॅक्सीत मीच खाल्ला.

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलात की डावीकडची दुसरी चाळ, तिसरा मजला, निळं दार. तुम्ही त्या बाजूला असाल, तर जरा वाजवून बघा. ती बरी आहे ना, जेवते ना, एवढंच. मी पाठवलंय म्हणू नका, दार उघडायची नाही.