प्राण्यांचा तंबू

मैदानात गाण्यांचा महोत्सव होता. प्राण्यांसाठी खास तंबू होता आणि दारावर मी, जनावरांचा डॉक्टर. नियम एकच: एका प्राण्यासोबत एकच माणूस.

दुपारी रणरणतं ऊन होतं, चारला अचानक धो धो पाऊस सुरू झाला. एकेक जण कुत्रा कडेवर घेऊन आत शिरू लागला. विसावा आत गेला तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. प्रत्येकाकडे तोच तुटक्या कानाचा कुत्रा होता! आतला माणूस त्याला मागच्या कनातीखालून बाहेरच्याकडे सरकवत होता.

मी तणतणत आत गेलो. वीस माणसं कुत्र्यांच्या टॉवेलने डोकी पुसत बसली होती.

"कुत्रा कुठाय?"

एक काकू म्हणाल्या, "बाहेरच राहू दे हो. भिजल्यावर फार वास मारतो."