कानदुखीचा धडा

घरात पाऊल टाकलं की इंग्रजीतच बोलायचं, हा कायदा वडिलांचा. इंग्रजीवाचून त्यांची बढती हुकली होती, आणि ते ओझं त्यांनी लेकीच्या डोक्यावर ठेवलं होतं. लेक तिसरीत. तोंडाची टकळी कधी थांबायची नाही, म्हणून सगळे तिला साळुंकी म्हणत. शाळेतही कायदा तोच. हल्ली साळुंकी ताटात बघून मुकाट जेवायची. आईला वाटे, पोर शहाणी झाली.

आई वाचनमाला छापणाऱ्या कंपनीत संपादक होती. मागच्या वर्षी मालकांनी तिसरीचं इंग्रजी पुस्तक तिच्यापुढे टाकलं होतं.

"बाई, शब्द फार सोपे झालेत."

"आठ वर्षांची पोरं आहेत, साहेब. त्यांच्या घरी कुणी इंग्रजी बोलत नाही."

"पुस्तक पोरं घेतात होय? पालक घेतात. दुकानात उभ्याउभ्या चाळतात. सगळं समजलं तर म्हणतात, यात शिकवलंय काय? जड शब्द घाला."

आईने घातले. 'बिग' खोडून 'मॅग्निफिसंट' केलं. दीपगृहाचा धडा आला, हिमनदीचा आला. जागा पुरेना, म्हणून दवाखान्यात कुठे दुखतंय ते सांगायचा साधा धडा गेला. पुस्तक हातोहात खपलं. तेच आता साळुंकीच्या दप्तरात होतं.

त्या संध्याकाळी साळुंकीचा हात सारखा कानाकडे जात होता.

"आई, माझा..."

"इंग्लिश," वडील म्हणाले.

ती थांबली. आईने तिला भात वाढला.

आठवड्याने उशीवर पू दिसला. डॉक्टरीणबाईंनी कानात बॅटरी धरून बघितलं.

"पडदा फाटलाय. या कानाने किती ऐकू येईल, सांगता येत नाही. बाळ, इतकं दुखत होतं, तर बोलली का नाहीस?"

"ते पुस्तकात नाहीये," साळुंकी म्हणाली.

आईला रडू आलं नाही. तिने औषधाची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी चौथीचं पुस्तक पुढे केलं. "तिसरीसारखंच वजनदार करा."

"दवाखान्याचा धडा तिसरीत परत घालायचा," आई म्हणाली. "आणि पोरांना पेलतील तेवढेच नवे शब्द."

"कोण घेईल असलं पुस्तक?"

"मग माझ्याशिवाय काढा."

तिचा आवाज चढला नाही. टेबलाचा खण रिकामा करताना तिला काहीच वाटत नव्हतं, याचंच तिला नवल वाटलं.

रात्री ती जेवताना लेकीच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली. "आजपासून कायदा बंद. या घरात ज्याला जसं येईल तसं बोलायचं." वडिलांनी मान खाली घातली.

"बोल गं साळुंके, काय हवंय तुला?"

साळुंकीने आधी वडिलांकडे बघितलं, मग आईकडे. ताटावरचा हात हळूच वर केला आणि विचारलं, "मे आय स्पीक?"