ओळंब्याचा बुटका बाक

मी बाक बोलतोय. समोर शोधू नका, खाली बघा. अजून खाली. हां, दिसलो. आता हसून घ्या. उंच माणूस माझ्यावर बसला की त्याचे गुडघे कानांना लागतात, आणि मला ते बघायला फार आवडतं.

माझं लाकूड चांगलं होतं, मापही चांगलं होतं. सुतार तेवढा टुन्न होता. त्याला सगळे ओळंबा म्हणत, कारण ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सरळ लोंबतो आणि हा कधी सरळ उभा राहत नसे. त्याने मला जोडलं, डोळे बारीक करून पाहिलं, एक पाय लांब वाटला म्हणून कापला. मग दुसरा लांब वाटला. असं करत तो माझ्याभोवती गरगर फिरला आणि मी जमिनीकडे निघालो. त्याच्या बायकोने करवत हिसकावली म्हणून वाचलो, नाहीतर आज पाट म्हणून बोलत असतो.

"अहो, हा हलतोय," ती म्हणाली.

"जमीन हलतेय," ओळंबा म्हणाला.

असला बाक घेणार कोण? गुत्तेवाल्याने घेतला. "बुटका बरा. गिऱ्हाईक पडलं तरी लागणार नाही."

तिथे माझी मजा होती. कुणी पेला ओठाला लावला की मी हळूच हलायचो, टक. शर्ट भिजायचा, शिव्या शेजाऱ्याला बसायच्या. ओळंबा मात्र रोज माझ्यावर बसून कधी तक्रार करत नसे. आम्ही दोघं एकाच बाजूला डुलायचो.

पुढे गुत्त्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मला फेकून द्यायचं गुत्तेवाल्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने चर्चला दान केलं. जागा रिकामी झाली, वर पुण्यही मिळालं. फादरांनी मला उंच पाठींच्या बाकांमागे, अगदी शेवटी ठेवलं.

त्याच सुमारास ओळंब्याच्या बायकोने त्याची हत्यारांची पेटी उचलली, फादरांकडे ठेवली आणि स्वतः बहिणीकडे राहायला गेली. ओळंबा पेटी मागायला आला.

"सकाळी मिस्साच्या उपासनेला यायचं आणि पेटी न्यायची," फादर म्हणाले. "संध्याकाळी जपमाळेला यायचं आणि पेटी परत द्यायची. शुद्धीत असलास तरच."

"फादर, मला गुडघे टेकता येत नाहीत. संधिवात आहे."

"आणि गुत्त्याच्या पायऱ्या चढताना?"

"तेव्हा दोघं धरून चढवतात."

तर हा येऊन बसला माझ्यावरच. मी त्याला वासावरून ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. शुद्धीत त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं.

आता गंमत ऐका. उंच पाठींमागून त्याचं फक्त डोकं दिसे, तेही गुडघे टेकलेल्या माणसाच्या उंचीवर. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं.

"बघ गं, सबंध मिस्सा गुडघ्यांवर आहे."

"पश्चात्ताप म्हणतात तो हाच."

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांतली एक म्हातारी म्हणू लागली, "बाबा, माझ्या डोळ्यांसाठी प्रार्थना कर." पोस्टमन म्हणाला, "बायकोचे दिवस भरलेत, तिच्यासाठी करा." ओळंब्याला आधी हसू आलं, मग पंचाईत झाली. शुद्धीत असताना त्याने अंगावर घेतलेलं काम कधी बिघडवलं नव्हतं. मग तो बसल्या बसल्याच खरोखर प्रार्थना करू लागला. तलफ यायची. माझी कड घट्ट धरायचा, घामाने मी ओला व्हायचो. कधी पाय गुत्त्याकडे वळायचेच, पण वाटेत म्हातारी भेटायची. "काय रे, आज माझ्या डोळ्यांचं सांगितलंस का देवाला?" की स्वारी परत.

पोस्टमनची बायको सुखरूप बाळंत झाली. तो गावात नवा, त्याला काय माहीत? एका संध्याकाळी जपमाळ संपल्यावर त्याने एक झकास बाटली आणून ओळंब्याच्या हातात ठेवली. "याहून चांगलं माझ्याकडे काही नाही." मनाने भला, पण त्या दिवशी त्याला पाडावंसं वाटलं मला.

नेमकी त्याच संध्याकाळी ओळंब्याची बायको यायची होती. नवऱ्याच्या गुडघ्यांची कीर्ती बहिणीच्या घरापर्यंत पोचली होती. खरं असेल तर घरी परतेन, असं तिने फादरांना कळवलं होतं.

चर्च रिकामं झालं. ओळंबा पेटी पायाशी ठेवून माझ्यावर बसला आणि बाटलीकडे बघत राहिला. मग त्याने झाकण फिरवलं.

आयुष्यभर मी मजेखातर हललो. त्या दिवशी जीव खाऊन हललो. टक! ओळंबा घसरला आणि बाटलीसकट थेट गुडघ्यांवर आला.

दारात बायको उभी. "अगंबाई, खरंच की."

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण तो म्हणाला, "खोटं आहे. मी एकदाही गुडघे टेकले नाहीत. या बाकावर बसायचो. आत्तासुद्धा पडलोय. आणि हातात काय आहे ते बघ."

ती जवळ आली. बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "अहो, हा तर आपला बाक."

ओळंब्याने वाकून माझे पाय पाहिले. "हे असलं मी केलं?"

"नाही. जमीन हलत होती."



"आणि प्रार्थना?" तिने विचारलं.

"ती खरी. बसून केली, पण केली."

मग त्याने पेटीतून फडकं काढलं, बाटली त्यावर रिकामी केली आणि मला खसाखसा पुसलं. गुत्त्याचा सगळा मळ निघाला. म्हणजे ती बाटली शेवटी मीच प्यायलो, आणि काय सांगू, चकाकलो.

"उठा आता, घरी जाऊ," ती म्हणाली.

"थांब जरा. आलोच आहे खाली, तर..."

तिनेही त्याच्या शेजारी गुडघे टेकले.

आता पेटी घरीच असते, तरी ओळंबा सकाळ-संध्याकाळ येतोच. संधिवात आता त्याला फक्त फादरांचं प्रवचन लांबलं की आठवतो. माझा पाय त्याने अजून नीट केलेला नाही. "राहू दे," म्हणतो, "याचा मला भरवसा आहे."

तुम्हीही या कधीतरी. शेवटी, भिंतीजवळ असतो मी. सांभाळून बसा. मी पाडतो, पण गुडघ्यांवरच.