बिनबेलनाची मशीन

मला कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मी सासरचा मिक्सर खोलून बसले होते, आणि परत जोडल्यावर एक स्क्रू उरला होता. मिक्सर अजून चालतो. पण माझा नवरा जीवन त्या एका स्क्रूचं नाव आजही काढतो. त्यामुळं फरशी झाडणारी-पुसणारी रोबोट मशीन घ्यायची म्हटल्यावर त्यानं आधी कपाळाला हात लावला.

ही काही माझी हौस नव्हती. आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, ती मशीन हवी होती.

आमचं गाव बाजारहत्नूरच्या अलीकडं. वेचणी सुरू झाली की घरातली समोरची खोली कापसाची होते. भाव बरा येईपर्यंत ढीग छताकडं चढत जातो आणि आम्ही उरलेल्या जागेत दिवाण आणि टीव्ही सरकवून राहतो. बाहेर ओसरीवर काटा टांगलेला असतो. बाया संध्याकाळी गठोडी घेऊन येतात, आत्याबाई काट्याशी उभ्या राहतात आणि एकेकीचं नाव आणि वजन मोठ्यानं पुकारतात. आत्याबाईंनी पुकारलं म्हणजे झालं, मग कुणी हुज्जत घालत नाही. मी पुकारलं की मात्र दोघी-तिघी वाकून काटा पाहतात.

तीन वर्षांपासून आत्याबाईंना कापसाच्या दिवसांत दम लागायचा. आदिलाबादच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "बारीक धूळ आत जातेय. झाडू तर अजिबात नको. झाडूनं बसलेली धूळ उठते." झालं. गेल्या वर्षी आत्याबाईंना त्यांच्या मुलीकडं, भाग्यलक्ष्मीताईंकडं, निर्मलला तीन महिने धाडलं. दम कमी झाला, पण परत आल्यावर त्यांनी चप्पल काढण्याआधी काट्यावरून हात फिरवला, ते मी पाहिलं. मला फार वाईट वाटलं.

या वर्षीही ताईंचा फोन आला. "सीतादहीच्या पाचव्या दिवशी येतो मी मायला न्यायला." सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभाताचा निवद दाखवायचा दिवस. आत्याबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्या सोलायच्या थांबल्या.

मी जीवनला गाठलं. "खोलीत धूळच राह्यली नाही तर?"

"तर राहू दे ना मायले इथंच. पण धूळ राहीन कशी नाई? कापूस हाय तो!"

एवढ्यावर मी कामाला लागले. हातानं ओढायच्या मशीनचा विचार आधीच सोडून दिला होता. दिवसातून दोन-तीनदा ती ओढायला घरात असतं कोण? मी शेतात, जीवन शेतात, आणि आत्याबाईंच्या हाती दिली तर धुळीत पुन्हा त्याच. आपली आपण फिरणारीच हवी होती, तीही आम्हाला झेपेल अशी.

आठ दिवस मी मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले. कुणाच्या घरी कुत्रा, कुणाच्या घरी गालिचा, कुणाची मुलं बिस्किटं सांडतात. कापसाचं कुणीच काही लिहिलं नव्हतं. साहजिक आहे म्हणा, गालिचेवाल्यांच्या बैठकीत कापसाचा ढीग कशाला असेल?

मग मला दीक्षा आठवली. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर होतो, आता ती बोथला शिक्षिका आहे आणि तिच्याकडं अशी मशीन आहे. रविवारी मी तिच्या दारात उभी राहिले, पर्समध्ये दोन मुठी कापूस घेऊन.

"काऊन वं, कापूस काऊन आणला?" दीक्षा म्हणाली.

"तुझ्या फरशीवर टाकायला."

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. पण गणित शिकवणारी बाई आहे, प्रयोगाला नाही म्हणत नाही. मी कापसातली सुकी पत्ती, काडी, तंतू सगळं नीट विस्कटून टाकलं. तिची मशीन डोक्यावर छोटी टोपी असलेली, त्या टोपीतून ती खोली पाहते आणि नकाशा काढते. सरळ रेघा मारत, भिंतीशी वळत अशी ऐटीत निघाली की मी तिच्या मागं मागं रांगतच गेले. चार मिनिटांत घरघर बदलली, मशीन थांबली आणि इंग्रजीत काहीतरी बोलली.

"ब्रश अडकला म्हणते," दीक्षानं सांगितलं.

आम्ही ती पालथी केली. पोटाखाली पोळीच्या बेलनाएवढा ब्रश होता आणि त्यावर कापूस असा घट्ट गुंडाळला गेला होता की कात्री आणि पिन घेऊन अर्धा तास काढत बसलो. माझी आशाच मावळली. एवढ्या भारी मशीनची ही गत, तर आमच्या ऐपतीतली काय करणार?

"माझे केस बी असेच अडकतात," दीक्षा म्हणाली. "आधीच्या मशीनमध्ये नव्हते अडकत."

"आधीची? ती कुठं आहे?"

"माळ्यावर. आंधळी होती ती. जिकडं धडकंल तिकडून वळायची. बॅटरी बी गेली आता, दहा मिनिटं चालते."

मी लगेच स्टूल ओढलं. दीक्षा नको नको म्हणेपर्यंत मशीन खाली होती. चपटी, बिनटोपीची, धुळीनं माखलेली. चार्ज होईपर्यंत मी तिला उलटी केली. बाजूला दोन झुपके होते आणि मधे नुसती एक फट, तोंडासारखी. बेलन नव्हताच! जिला अभिप्रायांमध्ये सगळे नावं ठेवत होते, 'रोलर नाही, पैसे वाया', ती हीच जात.

उरलेला कापूस टाकला. ती भिंतीला धडकली, खुर्चीला धडकली, माझ्या पायाला धडकली. पण वाटेत आलेला कापूस फटीतून सरळ आत जात होता. अडकायला आत काही नव्हतंच. दहा मिनिटांनी डबी उघडली तर कापूस, पत्ती, सगळं आत. मागं ओलं फडकं लावलं होतं, त्यावर बारीक तंतूंची करडी साय बसली होती. मी टाळ्या वाजवल्या. मला खरंच इतका आनंद झाला की दीक्षाची मुलगी आतून पाहायला आली.

घरी येऊन मी मापं घेतली. दिवाणाखाली चार बोटं जागा. टोपीवाली मशीन तिथं शिरलीच नसती, आणि सगळा कापूस तर तिथंच जमतो. स्वयंपाकघराचा उंबरा तीन बोटं. चपटी मशीन तो चढणार नाही, म्हणजे समोरच्याच खोलीत राहील. मला तेच हवं होतं. ढिगाभोवती फळ्या लावल्या की कापसाला ना फडकं लागेल ना ओल.

"सगळ्यात सस्ती, ते बी बिनदाताची!" जीवन म्हणाला.

"दात असलेलीचे दात मी पाहून आले," मी म्हणाले.

सीतादहीच्या आदल्या दिवशी बोथहून खोकं आणलं. आत्याबाईंनी ते उघडताना खाली वाकून, मान तिरपी करून पाहिलं. "इचं तोंड कुठं हाय?" मी उलटी करून दाखवलं. "एवढंसं?" त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी शेतात जाताना मी त्यांना बटण दाखवलं. "मी गेल्यावर चालू करा आणि तुमी ओसरीवर बसा. दुपारी एकदा, चारला एकदा." त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी आले तर खोली लख्ख. दिवाणाखालीसुद्धा काही नाही. मी मोठ्या उत्सुकतेनं डबी उघडली. आत चिमूटभर धूळ. आणि आत्याबाई काट्याशी खोकत होत्या. "प्रयागबाई..." म्हणून थांबल्या, पदर तोंडाला लावला, मग "एकवीस." सखूबाई गठोडं खाली ठेवून आपली पाळी येईपर्यंत वाट पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. फरशी स्वच्छ, डबी रिकामी, खोकला तसाच. हे काय कोडं? धूळ गेली असेल तर डबीत हवी. डबीत नसेल तर फरशीवर हवी. तिसऱ्या दिवशी मी मशीन खोलली, गाळणी पाहिली, फटीत टॉर्च मारला. काही बिघाड नाही. जीवननं लांबूनच विचारलं, "स्क्रू मोजून ठेवले ना?" मला रडू यायचं बाकी होतं. परवा ताई येणार होत्या.

चौथ्या दिवशी दुपारी मी कुणाला न सांगता शेतातून घरी आले. दार अर्धं उघडं होतं. आत आत्याबाई कमरेत वाकून, दिवाणाखाली झाडू घालून खसाखसा झाडत होत्या. उन्हाच्या पट्ट्यात कापसाची धूळ वर उठत होती आणि त्या तिच्या मधोमध होत्या. मशीन भिंतीशी चार्ज होत पडली होती.

"आत्याबाई!"

त्या दचकल्या. झाडू मागं धरला. मग खोकल्याची उबळ आली आणि त्या दिवाणावर बसल्या. मी पाणी दिलं. मला राग आला होता, खूप राग.

"झाडूनच टाकायचं होतं तर ही कशाला आणली मी?"

"परक्या जिनसेपुढं असं घाण घर ठेवाव काय?" त्या म्हणाल्या. "ते फिरून राह्यलं तर त्याले काय दिसंल? ह्या घरच्या बाया झाडत बी नाईत! म्हनून आधी झाडून घेतो, मंग चालू करतो."

तीन दिवस त्या रोज दोनदा मशीनसाठी घर झाडत होत्या. मला हसू आवरेना. पण त्या हसत नव्हत्या. झाडूच्या मुठीवरची दोरी बोटानं चाळवत म्हणाल्या, "शेतात नेत नाई तुमी मले. पानी भरू देत नाई. झाडू बी तिनं घेतला तर माह्यं काय काम हाय वं इथं? मंग जातो ना निर्मलले."

माझं हसू तिथंच थांबलं. आठ दिवस मी बेलन पाहिला, फट पाहिली, उंबरा मोजला. घरातल्या माणसाला काही विचारलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. सुचेल ते बोलले.

"काटा कोण पुकारणार मग? माझा आकडा सखूबाई मानते का?"

"नाई मानत," त्या लगेच म्हणाल्या.

"आणि ही एकटी फिरते, पण हिला डबी रिकामी करता येत नाही, फडकं पिळता येत नाही. दिवाणाच्या पायाशी अडकली तर सोडवायला कुणीतरी लागतं. एकदा न झाडता सोडून तर पाहा. आतून काय निघतं ते आपण दोघी पाहू."

त्यांनी झाडू माझ्याकडं दिला नाही. स्वतः उठून मागच्या कोठ्यात नेऊन आडवा ठेवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चार खेपा मशीन न झाडलेल्या खोलीत फिरली. आत्याबाई ओसरीवर पाट टाकून, खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून होत्या. "तिकडं नको जाऊ, फळी हाय तिकडं," असं मधूनच दटावत होत्या. डबी त्या स्वतः ओसरीवर उघडायच्या, नाकाला पदर बांधून. त्यातून धूळ पडत नव्हती. दाबून बसलेला करडा गोळा निघायचा, लिंबाएवढा, मऊ. पहिला गोळा त्यांनी दोन बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिला.

"हे माह्या छातीत जात होतं?"

मी मान हलवली. मग त्यांनी स्टीलची वाटी मागितली, गोळा तिच्यात ठेवला, वर झाकण.

दुपारी भाग्यलक्ष्मीताई रिकामी पिशवी घेऊन आल्या. चहाही न घेता म्हणाल्या, "माय, लुगडी काढ. साडेचारची बस हाय."

आत्याबाईंनी वाटी पुढं केली. त्यात आता चार गोळे झाले होते. "हे पाह्य. एका दिवसाचं हाय. हे तिनं खाल्लं, मी नाई खाल्लं."

ताईंनी एक गोळा उचलला, दाबला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा गोळ्याकडं पाहिलं. मग वाकून दिवाणाखाली हात फिरवला आणि हात उन्हात धरला. "अन् खोकला?"

"एका दिवसात खोकला जाते काय? आठ दिवस पाह्य. नाई गेला तर मीच येतो, तू नको येऊ न्याले."

साडेचारच्या बसनं ताई एकट्या गेल्या. पिशवीत आम्ही भेंडी आणि शेंगा घातल्या. आठ दिवसांनी पुन्हा येईन, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी ताई ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या. मी आत फडकं पिळत होते. बाया गठोडी घेऊन रांगेत होत्या. बाहेर काट्याची साखळी वाजली.

"प्रयागबाई, तेवीस!"

मी पिळायची थांबले. ताईही वळून पाहत होत्या.

"सखूबाई, अठरा! ... प्रयागच्या सुनंचं आन इकडं. सोळा!"

मधे थांबणं नव्हतं. पदर तोंडाकडं गेला नाही. आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. मी अशी सात नावं ऐकली. आठव्याला ताई उठल्या, आत आल्या, मशीनच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सुनयना, ही उलटी कर बरं. मले पाहू दे, इच्या पोटात काय हाय."