डबीवरचं नाव

पैंजणं युरोपला जाणार म्हटल्यावर आमच्या हुपरीच्या घरातले पुरुष एकदम शहाणे झाले. डबीवर नाव छोटं हवं, तिकडच्या लोकांच्या तोंडात बसलं पाहिजे, असं माझा नवरा विश्वजित म्हणाला. मी म्हटलं, "आईंचंच द्या की. लीला." चाळीस वर्षं पैंजणांच्या कड्या सासूबाईच डाख देऊन जोडत आल्यात आणि पाटीवर नाव सासऱ्यांचं. सासूबाईंनी मान वर केली नाही, पण हातातला चिमटा थांबला.

पुढचं पाप माझंच. हौस म्हणून मी मोबाईलवर त्या शब्दाचे अर्थ शोधले. जर्मनीत जांभळा. स्वीडनमध्ये, एक ल जास्त लावला तर, छोटी. इथवर ठीक होतं. स्पेनमध्ये, बोलीत, बावळट.

"बावळट?" सासरे, म्हणजे आण्णा, हादरलेच. जन्मात गगनबावड्याच्या पलीकडे न गेलेल्या माणसाला स्पेनमधल्या अब्रूची काळजी लागली. "लोक हसत्याल की. लीला न्हाय चालायचं." विश्वजितनंही मान डोलावली. त्या दुपारी घरात लीला हे नाव तीस-चाळीस वेळा तरी घेतलं गेलं असेल. एरवी सासूबाईंना आई, काकू आणि आगं याशिवाय कुणी हाक मारलेली मी ऐकलेली नाही. मला लाज वाटली.

सासूबाईच बोलल्या. "मी तानाबाई हुते. लग्नात तुमीच ताटातल्या तांदळात अंगठीनं लीला लिवलं. तवा कुणाला इचारलं हुतं, हे नाव कुठं चालतंय?"

"रीत हाय ती," आण्णा म्हणाले.

"व्हय. मग आताबी तुमीच ठरवा. ठरलं की त्या नावानं मला हाक मारा, म्हंजे कामाला बसते." चिमटा खाली ठेवून त्या परसात गेल्या.

नमुन्याचे बारा जोड दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरला पोचवायचे होते, आणि तसं नाजूक डाखकाम घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. विश्वजितनं तानाबाईसुद्धा शोधून पाहिलं. ते कुठल्याच देशात वाईट निघालं नाही. शेवटी आण्णा उठले, परसदारी जाऊन उभे राहिले, घसा खाकरला. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"आगं, ऐकलंस का?"

सासूबाईंनी ऐकलं नाही.