तेल पिणारी गाडी

माझं तोंड वाईट हाय, हे अख्ख्या राजूर रोडला माहीत हाय. कुणी चेन खडखडा वाजवत गाडी घेऊन आला की मी आधी शिव्या घालतो, मंग पाना उचलतो. बायको म्हणते, तुमच्या तोंडापायी गिऱ्हाईक पळतं. पळू द्या! ज्याला गाडीची कदर न्हाई त्यानं बैल घ्यावा, बैल निदान लाथ मारून सांगतो.

पण कडूबा आबा टेंपोत टाकून ती गाडी घेऊन आले, तवा शिवी मी तोंडातच गिळली. गाडी त्यांच्या थोरल्याची, काकासाहेबाची. एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये तो भट्टीवर होता. सकाळपाळीला निघाला आन भर रस्त्यात गाडीचं मागचं चाक एकाएकी जाम झालं. तो पडला, मागून ट्रक येऊन राह्यला होता. तेरावं नुकतंच झाल्तं.

"सर्जेराव, गाडी खोल," आबा म्हणाले. "पार आतपर्यंत खोल. लई तेल पीत होती ही. ते तेल कुठं जात होतं, तेवढं मला सांग."

"आबा, आता ते जाणून काय करता?"

"गाव म्हणतंय, काकासाहेब पिऊन होता. सत्यशीलानं, माझ्या सुनेनं, पाण्याला जायचं सोडलं. बाया तोंडावर बोलतात. उद्या नातू शाळेत जाईल, त्याला पोरं काय म्हणतील? माझं पोर थेंबाला शिवत न्हवतं. त्याला गाडीनं पाडलं. ते तू मला बराबर दाखव."

मी म्हणालो, बसा. ते बसले न्हाईत.

गाडी तेल पीत असली की त्या तेलाला वाटा दोनच. गळतं, न्हाई तर जळतं. गळत असलं तर इंजिनाच्या बुडाला तेल आन धूळ मिळून काळा चिखल धरतो. मी पालथा पडून पाह्यलं. बूड ठणठणीत कोरडं. प्लग काढला, तो काळाकुट्ट आन तेलकट. सायलेन्सरात बोट घातलं तर वली काजळी लागली. म्हणजे जळत होतं.

"आबा, धूर मारत होती का?"

"मारायची की. निळा, चांगला धूर."

चांगला धूर! दुसरा कुणी असं म्हणाला असता तर त्याची सात पिढ्यांची पूजा बांधली असती मी. पण लेक गेलेल्या माणसाला काय बोलणार? मी इचारलं, "सकाळी चालू करताना मारायची का चढावर?"

"सदान्‌कदा."

मंग रिंगा गेल्या असतील, असं मी धरलं. रिंगा झिजल्या की तेल पिस्टनच्या वर चढतं आन पेट्रोलसंगं जळतं. तेल काढायला खालचा बोल्ट सोडला. धार आलीच न्हाई. डांबरावानी चार थेंब लोंबले. इंजिन खोललं तर पिस्टन सिलेंडरात चिकटून बसलेला, अंगावर नुसते ओरखडे.

"आबा, तेलावाचून इंजिन तापलं, पिस्टननं धरलं आन चाक जाम झालं. पोरगं पिऊन न्हवतं. ह्या जागी देव जरी बसला असता तरी पडला असता."

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "म्हनलो न्हवतो? आन बघ, तेल मी आदल्याच दिवशी टाकल्तं. एका दिवसात पिऊन टाकलं रांडेनं."

हे मात्र मला पटलं न्हाई. रिंगा कितीबी झिजू दे, सगळं तेल एका दिवसात कोणतीच गाडी पीत न्हाई. मी चिडलो. गाडी माझ्याशी खोटं बोलली की माझं डोकं फिरतं. टाकी उतरवून ठेवताना थोडं पेट्रोल खालच्या पेपरावर सांडलं. पेट्रोल बघता बघता उडून गेलं. पेपरावर भज्याच्या कागदासारखा डाग राह्यला.

मी बोट घासलं. तेल होतं.

मंग माझ्या ध्यानात आलं. आबांनी उभी हयात राजदूत फटफटी चालवलेली. राजदूतला तेल पेट्रोलमध्येच टाकावं लागतं, तिचा निळा धूर म्हणजे तब्येत ठीक. काकासाहेबाची ही जुनी घेतलेली गाडी फोर-स्ट्रोक. हिच्या पोटात तेल येगळं, बाजूच्या काळ्या टोपीतून टाकायचं. ती टोपी कुणी उघडलीच न्हवती. आबा मापानं टाकीत तेल ओतत राह्यले, ते धूर होऊन गेलं, आन पोटात पहिल्या मालकाचं होतं तेवढं आटत आटत संपलं. पोरानं तरी बघायचं! पण त्यांच्या घरची रीतच तशी. घरच्या म्हाताऱ्यानं आपल्या हातानं बैलाला वैरण घातल्याबिगर औत जुपायचं न्हाई, तसं गाडीचं तेलपाणी आबांचं. बापानं घातलेली वैरण लेक कशाला तपासतो?

"काय सापडलं?" आबांनी इचारलं.

आयुष्यात मी गिऱ्हाइकाला गोड बोललो न्हाई. तवा बोललो. "आतला तेलाचा पंप बंद पडल्ता, आबा. बाहेरून कुणालाच कळलं नसतं. कुणाचीच चूक न्हाई."

"कुणाचीच न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

तवा कुठं आबा बसले. मी च्या मागवला, त्यांनी बशीत ओतून घेतला. मला वाटलं, सर्जेराव, आज एक पुण्याचं काम केलंस.

"आता रामकिसनचं ध्यान ठेवलं पाह्यजे," आबा म्हणाले. रामकिसन त्यांचा धाकटा. "मिलवाल्यांनी भावाच्या जागेवर त्याला घेतलं. गाडी बी अशीच जुनी मिळाली, ह्याच जातीची. पण ह्या खेपेला मी कसर ठेवली न्हाई. तेलाचं माप दुप्पट केलंय."

मी पाना खाली ठेवला. "कुठं टाकता तेल?"

"कुठं म्हंजे? टाकीत."

आता गप बसलो असतो तर दुसरं पोर गेलं असतं. मी आबांचा हात धरला, खोललेल्या इंजिनापाशी नेला आन ती काळी टोपी त्यांच्या बोटानं फिरवायला लावली. "आबा, तेल ह्यात टाकायचं असतं. पंपाचं मी खोटं बोललो."

ते टोपीकडं बघत राह्यले. मंग टाकीकडं बघितलं, पेपरावरच्या डागाकडं बघितलं.

"रामकिसन दुपारपाळीला निघाला असंल," ते म्हणाले. "सर्जेराव, जल्दी चल."

तेलाचा डबा आबांच्या मांडीवर, मी माझी गाडी हाणली. सगळ्या वाटेत माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं रुतत चालली होती. मिलच्या गेटापाशी रामकिसन गाडी लावून राह्यला होता. धडधाकट होता. मी त्याला नमस्कार-चमत्कार न करता बाजूला सारलं, त्याच्या गाडीची काळी टोपी काढली. तेल मोजायची काडी नुसती टोकाला वली होती. मी डबा ओतायला घेतला.

रामकिसन गांगरला. "काय झालं, आबा? गाडीला काय झालं?"

आबा काडीकडं बघून राह्यले होते. "तुझ्या गाडीतून आवाज येतो का? टकटक?"

"चार दिवस झाले, येतो थोडा."

आबा तिथंच मातीत बसले. भोंगा झाला, माणसं आत चालली. आबा कुणाला म्हणाले, मला म्हणाले का लेकाला, मला आजवर कळलं न्हाई.

"काकासाहेब बी म्हनला होता, आबा, टकटक येऊन राह्यली, सर्जेरावला दाखवू का? मी म्हनलो, कशाला, तेल कमी पडत असंल. मी वाढवतो."